चित्र काढायला जागा लागते



कलेवर व्याख्यान म्हटले की चित्रांविषयी आणि चित्रकारांविषयी बोलले जाते. चित्र कुठे बसून काढले, कोणाच्या खोलीत, कोणत्या उजेडात, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आज मी त्या जागेविषयीच बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्यापैकी ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी ललितकलेच्या पदवीला आहे, त्यांच्या तो रोजच्या वादाचा विषय आहे.

मला हा विषय सुचला तो उधन्यातल्या एका घरी. मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. वर्षअखेरच्या कामासाठी तिने सहा फूट बाय पाच फुटांचा कॅनव्हास ताणून आणला. घर चौथ्या मजल्यावर. कॅनव्हास लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या वळणावर अडकला. शेवटी खिळे उपटून लाकडी चौकट वेगळी केली आणि कापड गुंडाळून वर नेले. वर गेल्यावर तो टेकवायचा कुठे? हॉलच्या एका भिंतीला कपाट, दुसरीला टीव्ही, तिसरीला देव्हारा, चौथीत दार. मुलीने कापड फरशीवर अंथरले आणि चित्र कसे दिसते ते पाहण्यासाठी पलंगावर चढून उभी राहिली. तिचे वडील मला म्हणाले, "सर, फी भरली, रंग आणले, ब्रश आणले. आता हिला अजून काय हवंय?"

प्रश्न प्रामाणिक होता. माझे तेव्हाचे उत्तर मात्र तुटक होते. त्याचे पुरे उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

खोलीला काय काय लागते

पहिली गरज उजेडाची. चित्रशाळांच्या इमारतींत उत्तरेला मोठ्या खिडक्या ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि तिचे कारण साधे आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असल्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा पसरलेला उजेड येतो. समोर बसलेल्या माणसाच्या नाकाची सावली सकाळी दहाला जशी असते जवळजवळ तशीच दुपारी तीनला राहते. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी काम केले तर दर अर्ध्या तासाने समोरचा देखावा बदलतो आणि नवशिका विद्यार्थी सावलीच्या मागे धावत राहतो.

सुरतेच्या बाबतीत यात एक बारकावा आहे. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 21 अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. उन्हाळ्यात तो उगवतो आणि मावळतो तेही उत्तरेकडे झुकून. म्हणून युरोपातल्या स्टुडिओचा नकाशा उचलून इथे नुसती काच बसवली तर भागत नाही. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा.

उजेडाचे महत्त्व सुरतकरांना पटवावे लागणार नाही. रिंग रोडच्या बाजारातला जुना कापडव्यापारी साडीचा रंग ट्यूबलाइटखाली पक्का करत नाही. तो ताका उचलतो आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात नेतो. दिव्याच्या उजेडात एकसारख्या वाटलेल्या दोन रंगछटा बाहेर नेल्यावर वेगळ्या निघतात, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात लाल, पिवळ्या, निळ्या किरणांचे प्रमाण वेगळे असते. रात्री पिवळ्या दिव्याखाली रंगवलेले चित्र सकाळी पाहून विद्यार्थी कपाळाला हात लावतो. त्याची नजर कच्ची असतेच असे नाही. पुष्कळदा दिवाच चुकीचा असतो.

दुसरी गरज अंतराची. चित्र हाताच्या अंतरावरून काढले जाते, पण पाहिले जाते लांबून. चित्रकार चार फटकारे मारून मागे का जातो? जवळून त्याला नाक दिसते, चेहरा दिसत नाही. जुना अंदाज असा की वस्तू जेवढी उंच, तिच्या साधारण तिप्पट अंतरावरून ती एका नजरेत नीट मावते. पाच फुटांच्या चित्राला पंधरा फूट मोकळी जागा हवी. आपल्या दोन खोल्यांच्या घरात एवढे अंतर जिन्यात सुद्धा मिळत नाही. म्हणूनच ती मुलगी पलंगावर चढली होती. ती वेडेपणा करत नव्हती, अंतर शोधत होती.

तिसरी गरज अशा भिंतीची, की जिच्यावरचे काम रात्री आवरावे लागत नाही. तैलरंगाचा थर वाळायला कित्येक दिवस लागतात. मातीचे शिल्प आठवडेच्या आठवडे उभे राहते. जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलाला रात्री नऊला सगळे उचलावे लागते, कारण तिथे पाने मांडायची असतात आणि नंतर अंथरुणे घालायची असतात. यात घरच्यांचा दोष नाही. पण परिणाम पाहा. ज्याला रोज काम गुंडाळून ठेवावे लागते त्याचे काम हळूहळू गुंडाळता येईल एवढ्याच आकाराचे होत जाते. आधी कॅनव्हास जातो आणि कागद येतो. मग पूर्ण कागद जाऊन वही येते. शेवटी मोबाइलच्या पडद्यावर बोटाने काढलेले चित्र उरते. पडद्यावर उत्तम चित्रे निघतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो मार्ग मुलाने निवडला की खोलीने त्याच्यासाठी निवडला, एवढेच मी विचारतो.

चौथी गरज पाण्याची आणि घाण करण्याच्या परवानगीची. आपण मराठी माणसे गणपतीच्या कारखान्यात लहानपणापासून जात आलो आहोत. तिथली ओल, मातीचा वास, मूर्तींवर टाकलेली ओली फडकी, पायाखालचा चिखल आठवा. शिल्पकलेचा विद्यार्थी असेच काम करतो. लोखंडी सळ्यांचा आणि तारेचा सांगाडा उभा करून त्यावर माती चढवतो. माणसाएवढ्या आकृतीला दीडशे-दोनशे किलो माती सहज लागते. काम पूर्ण होईपर्यंत ती ओली ठेवावी लागते, नाहीतर तडकते. मग प्लास्टरचा साचा. प्लास्टर मिसळलेले पाणी मोरीत ओतले की ते पाइपात घट्ट बसते आणि खालच्या मजल्यावरची मंडळी भांडायला वर येतात. म्हणून शिल्पविभागात पाण्याच्या टाकीखाली गाळ बसायला वेगळा हौद असतो आणि हा विभाग सहसा तळमजल्यावर असतो.

पाचवी गरज यंत्रांची. ताम्रपटावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर ओरखडून छाप काढायचा तर दोन रुळांमधून कागद दाबणारे जड प्रेस हवे. पत्रा आम्लात बुडवला की वाफ उठते, म्हणून तिथे हवा बाहेर ओढणारा पंखा हवा. शिळाछापासाठी चुनखडीचा जड, गुळगुळीत दगड लागतो. उत्तम दगड जर्मनीतल्या बव्हेरियातून येत असत. मातीची भांडी भाजायची भट्टी 1000 अंशांच्या आसपास तापवावी लागते, चिनीमातीच्या जातीच्या कामाला त्याहून बरीच जास्त. तिला थ्री-फेज जोडणी हवी. एक भाजणी म्हणजे एक दिवस तापवणे आणि जवळपास तेवढाच वेळ थंड होऊ देणे. घाईने दार उघडले की महिन्याभराचे काम तडकते.

आणि सहावी गरज वेळेची. खोली आहे, उजेड आहे, प्रेस आहे, पण पाचला कुलूप लागते, तर अर्धे शिक्षण कुलपाआड राहते. चित्र घड्याळाच्या तासिकांनी निघत नाही. सकाळी तीन तास समोर बसून काही सुचत नाही आणि सगळे घरी निघाले की हात चालू लागतो, हा अनुभव प्रत्येक कलावंताला आहे. या ठिकाणी मुलींचा प्रश्न सर्वांत अवघड होतो. भाऊ रात्री नऊपर्यंत स्टुडिओत थांबला तर तो मेहनती, बहीण थांबली तर घरून फोनवर फोन. आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण त्या काळजीवरचा उपाय मुलीला लवकर बोलावणे हा नसून स्टुडिओचा रस्ता, दिवा, पहारा आणि परतीचे वाहन नीट असणे हा आहे. नाहीतर एकाच वर्गातल्या दोघांना चार वर्षांत सारखी फी भरूनही सारखे शिक्षण मिळत नाही.

या सहा गरजा एका घरात पुऱ्या होणे शक्य नाही. श्रीमंताच्या घरातही भट्टी आणि प्रेस नसते. म्हणून दहा जणांनी मिळून वापरायची जागा लागते आणि ती देण्याचे काम संस्थेचे, विद्यापीठाचे. आपल्या भागाचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यात किल्ली देणारे दक्षिण गुजरातचे आणि ती हातात पडलेले मराठी, अशी जोडी वारंवार दिसते.

सुरतेचे गज्जर आणि त्र्यंबकचे फाळके

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म 1863 साली सुरतेत झाला. गज्जर हे सुतारकाम करणाऱ्यांचे नाव. या घराण्यातला हा मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि बडोद्याच्या कॉलेजात प्राध्यापक झाला. पुस्तकी विज्ञान आणि कारागिराचा हात यांची गाठ पडली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. सयाजीराव महाराजांनी तो उचलून धरला आणि 1890 साली बडोद्यात कलाभवन उघडले. गज्जर त्याचे पहिले प्रमुख. इथे चित्रकला होती, तसेच रंगकाम, विणकाम, यंत्रकामही होते. शिक्षण देशी भाषेत द्यायचे, हा आग्रह होता. आज त्या इमारतीत विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे.

या बडोद्यात थोरल्या भावाबरोबर एक तरुण आला होता. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते आधी शिकले होते. कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रणाचे धडे घेतले. गज्जरांनी या मुलाची धडपड ओळखली. छपाईसाठी ठसे तयार करण्याचे तंत्र शिकायला त्यांना रतलामला पाठवले आणि परत आल्यावर कलाभवनाचा फोटो-स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. त्या उसन्या जागेत फाळक्यांनी स्वतःच्या नावाने ठसेकाम आणि फोटो-छपाई सुरू केली.

इथे क्षणभर थांबू या. फाळके तेव्हा कोणी नव्हते. छायाचित्रणासाठी अंधारी खोली लागते, लाल दिवा लागतो, वाहते पाणी लागते, रसायने लागतात, आणि चुकलेल्या काचा फेकून द्यायची मुभा लागते. यातले काहीही भाड्याच्या खोलीत मिळाले नसते. ते पुढे गोध्र्याला गेले, पुण्याला गेले, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले, अपयशेही पुष्कळ पाहिली. 1913 साली मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. तोपर्यंत अंधाऱ्या खोलीची सवय त्यांच्या हाडीमासी मुरली होती. त्यांनी दादरच्या राहत्या घराचाच स्टुडिओ केला. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी पहिला प्रयोग घरातच केला, आणि फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई घरात करत. भारतीय चित्रपटाचा जन्म सांगताना आपण फाळक्यांचे नाव घेतो, सरस्वतीबाईंचे थोडे कमी घेतो, आणि प्रयोगशाळा उघडून देणाऱ्या सुरतेच्या गज्जरांचे जवळजवळ घेतच नाही.

हंसाबेन आणि बेंद्रे

दुसरी गोष्ट साठ वर्षांनंतरची. 1949 साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता. यांचाही जन्म सुरतेचा, 1897 सालचा. गुजरातीतली पहिली कादंबरी म्हणून जिची गणना होते त्या 'करणघेलो'चे लेखक नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. हंसाबेनच्या कारकिर्दीत 1950 साली विद्यापीठात ललितकला शाखा उघडली. तोवर आपल्याकडे चित्रकार कलाशाळेचा डिप्लोमा घेत असे. चित्रकाराला विद्यापीठाची पदवी, आणि इतिहास-विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचे स्थान, ही कल्पनाच नवी होती. हा प्रयोग करणाऱ्या देशातल्या पहिल्या संस्थांपैकी ही एक.

मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता झाले. शिल्पविभाग शंखो चौधुरींनी उभा केला. चित्रविभाग सांभाळायला आले नारायण श्रीधर बेंद्रे. बेंद्रे 1910 साली इंदूरला जन्मलेले, तिथल्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. त्याच मास्तरांकडे मकबूल फिदा हुसेनही शिकले. बेंद्रे 1966 पर्यंत बडोद्यात राहिले, पुढे अधिष्ठाताही झाले.

पुष्पबाग नावाच्या आवारात ही शाखा वाढली. तिथे एकाच कुंपणात चित्रकार, शिल्पकार, छापचित्रकार आणि कलेचा इतिहास शिकणारे विद्यार्थी वावरत. शिक्षक स्वतः काम करणारे कलावंत होते आणि त्यांचे काम विद्यार्थ्यांना दिसत असे. याचा अर्थ असा की व्याख्यान ऐकून जे कळत नाही ते मुले येता-जाता शिकत. गुरूने कॅनव्हास कसा पुसून टाकला, वैतागून किती वेळ नुसता बसून राहिला, दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात केली, हे पाहणे हेच मोठे शिक्षण. ज्योती भट्ट, हिंमत शाह, राघव कनेरिया, गुलाममोहम्मद शेख अशी नावे याच आवारातून पुढे आली. पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्या पुढाकाराने तिथे कलामेळ्याची प्रथा रुजली. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून कार्यशाळेत लाकडाची, मातीची, चामड्याची खेळणी करत आणि गावातली माणसे ती विकत घ्यायला येत. गावाला स्टुडिओत येण्याचे निमित्त मिळाले आणि चित्रकार म्हणजे काहीतरी दूरचे, ही भिंत थोडी पातळ झाली.

पदवी मिळाल्यानंतर

विद्यापीठाची जागा चार-सहा वर्षांची. पदवीचा कागद हातात पडला की त्याच दिवशी प्रेस जाते, भट्टी जाते, उत्तरेची खिडकी जाते. कलाशिक्षणातला खरा खड्डा इथे आहे. हुशार विद्यार्थी पुढच्या दोन-तीन वर्षांत काम सोडतात ते कल्पना संपल्या म्हणून नव्हे, जागा संपली म्हणून.

हा खड्डा बुजवण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यातला सर्वांत मनोहर प्रयत्न मुंबईच्या वॉर्डन रोडवरचा. भुलाभाई देसाई हे नामांकित वकील मूळचे आपल्या वलसाड भागातले. 1946 साली ते गेले. त्यांच्या बंगल्यात पुढे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालली. तिथे नाममात्र भाड्यात कलावंतांना खोल्या मिळत. वासुदेव गायतोंडे तिथे चित्र काढत, हुसेन काढत, रविशंकर संगीत शिकवत. आणि विजया मेहतांच्या 'रंगायन'ची प्रायोगिक मराठी नाटके ज्या छोट्या जागेत आकाराला आली ती हीच वास्तू. एका गुजराती वकिलाच्या घराने मराठी रंगभूमीला आणि भारतीय चित्रकलेला आसरा दिला. तो बंगला आता नाही, पण त्या दहा-पंधरा वर्षांचे देणे अजून संपलेले नाही.

नंतर दिल्लीत ललित कला अकादमीने 1976 मध्ये गढीचे स्टुडिओ सुरू केले. अहमदाबादला 1984 मध्ये कनोरिया कलाकेंद्र उघडले, तिथे तरुण कलावंतांना काम करायला जागा मिळते. बडोद्यात 1999 साली काही छापचित्रकारांनी मिळून 'छाप' ही कार्यशाळा काढली. एकट्याला प्रेस विकत घेणे परवडत नाही, सगळ्यांनी मिळून एक घेतले तर परवडते, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. आपल्या सहकारी पतपेढ्यांमागे तोच हिशेब होता.

आपली सुरत

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या वीर नर्मद विद्यापीठात ललितकलेचे शिक्षण मिळते, अनेक मुले गाडीने बडोद्यालाही जातात. सुरतेपाशी असे काही आहे जे दिल्ली-मुंबईकडेही नाही. पांडेसरा-सचिनच्या प्रोसेस हाउसमध्ये साडीछपाईची लांबच लांब टेबले आहेत. तिथल्या 'कलर किचन'मध्ये रंग मोजून, मिसळून, शेड जुळवून देणारे हात आहेत. त्या हातांपैकी किती तरी हात खानदेशातून, जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेल्या आपल्या माणसांचे आहेत. स्क्रीनछपाई शिकणाऱ्या कलाविद्यार्थ्याला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळेल? पण कारखान्यात काम करणारे वडील आणि कॉलेजात शिकणारा मुलगा एका छपराखाली राहूनही या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. ओळखीच्या सुपरवायजरला विचारून मुलाला एक सुटीचा दिवस त्या टेबलांजवळ उभे करा. फीमध्ये न बसणारे शिक्षण तिथे मिळेल.

सुरतेच्या दोन आठवणी मात्र अशा आहेत, की जागेचा विचार करताना त्या विसरता येत नाहीत. पहिली 2006 च्या ऑगस्टमधल्या तापीच्या पुराची. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. शिल्पशाळा तळमजल्यावर हवी, हे मी मघाशी म्हटले. सुरतेत त्याला जोडून म्हणायला हवे, की कागद, कॅनव्हास आणि पूर्ण झालेले काम वरच्या मजल्यावर हवे. पावसाळ्यात तर पूर नसतानाही कागदावर बुरशी चढते. कामे भिंतीला चिकटवून न ठेवता मांडणीवर, मागून हवा खेळेल अशी उभी ठेवावीत.

दुसरी आठवण 24 मे 2019 ची. सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेली 22 माणसे, बहुतेक कोवळ्या वयाची मुले, गेली. त्या वर्गांत चित्रकला आणि डिझाइन शिकायला आलेली मुलेही होती. जिना जळत होता, म्हणून मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे, मी त्यावर अधिक बोलत नाही. एवढेच म्हणतो की मुलाला कोणत्याही वर्गात घालण्याआधी तिथले भिंतीवरचे चित्र पाहण्यापूर्वी दुसरा जिना पाहा. चित्रशाळेत टर्पेंटाइन असते, लाकूड असते, कापड असते. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत. हे घरीही पाळा.

आपण काय करू शकतो

पालकांनी प्रवेश घेण्याआधी कॉलेज पाहायला जावे. निकालाचे आकडे विचारावेत, पण त्याबरोबर हेही विचारावे: एका विद्यार्थ्याला स्वतःची म्हणता येईल अशी किती फूट भिंत मिळते? काम रात्रभर तसेच ठेवता येते का? प्रेस आणि भट्टी चालू आहेत की चादर घालून ठेवली आहेत? ती चालवणारा माणूस नेमलेला आहे का? स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो, आणि तेव्हा मुली घरी कशा जातात? हवा बाहेर ओढणारा पंखा फिरतो का? या सहा प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात, प्रत्यक्ष फेरी मारल्यावर दहा मिनिटांत मिळतात.

घरात एक भिंत मोकळी करता येते का, ते पाहावे. सगळे घर नको. एक कपाट सरकवले आणि एक पांढऱ्या उजेडाचा चांगला दिवा लावला, तरी फरक पडतो. आणि त्या कोपऱ्यातले अर्धवट काम पाहुणे आले तरी उचलायला लावू नये.

शेवटचे सांगणे आपल्या संस्थांना, मंडळांना. गुजरातेत स्थिरावलेल्या आपल्या समाजाने सभागृहे बांधली, गणेशोत्सव चालवले, ग्रंथालये सांभाळली. यातली पुष्कळ सभागृहे सोमवार ते शुक्रवार दुपारभर कुलूपबंद असतात. त्यातल्या एकाचीही किल्ली आठवड्यातून तीन दुपारी चार-पाच विद्यार्थ्यांच्या हाती देता येणार नाही का? तिथे भट्टी नको, आम्ल नको, टर्पेंटाइन नको. पाण्याचे रंग, कोळसा, माती, एक लांब भिंत, एक नळ, फरशीवर जुनी बॅनर अंथरायला, आणि लक्ष ठेवायला एक निवृत्त सभासद, बस. वर्षाच्या शेवटी त्या मुलांनी त्याच भिंतीवर आपले काम लावावे आणि आपण सर्वांनी सहकुटुंब पाहायला जावे. खर्च फारसा नाही. अडचण आहे ती किल्ली सोडायच्या सवयीची.

उधन्याच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. शेजारच्या काकांचा एम्ब्रॉयडरीचा गाळा होता. मंदीत दोन मशिने विकून टाकल्याने त्याचा अर्धा भाग रिकामा पडला होता. त्यांनी दोन महिन्यांसाठी किल्ली दिली. चौकट पुन्हा ठोकली गेली, कॅनव्हास पुन्हा ताणला गेला, आणि मुलीला मागे सरकायला वीस फूट मिळाले. उरलेल्या मशिनवर काम करणारे कारागीर जेवणाच्या सुटीत येऊन चित्र पाहत, त्यातल्या एकाने तिला जरीच्या रंगाबद्दल एक चूकही दाखवली, ती तिने सुधारली. एका संध्याकाळी वडील तिला न्यायला गेले. नेहमी दारातूनच हाक मारणारे ते गृहस्थ त्या दिवशी आत गेले, समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकले आणि बराच वेळ चित्र पाहत उभे राहिले.

तिला अजून काय हवे होते, हे मला त्यांना मग सांगावे लागले नाही.